टर्बो इंजिनवर प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी सेटअप. दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, एक टर्बो, 1 बार बूस्ट (वातावरणापेक्षा टर्बोने वाढवलेला दाब), 45 मिमीच्या चार थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा), त्यांच्यावर अडीच लिटरचं बंद अॅल्युमिनियम प्लेनम (हवेची पेटी) आणि ट्यून करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर). याच इंजिनवर आधी 65 मिमीची एकच थ्रॉटल बॉडी होती, त्यामुळे तुलना सरळ आहे.

निव्वळ ताकद वाढवायची असेल तर या वाटेला जाऊ नका. फुल थ्रॉटलला हवा ढकलण्याचं काम टर्बोच करतो, कमाल आकड्यात सांगण्याजोगा फरक पडत नाही. टर्बो लॅग, म्हणजे पाय दिल्यापासून बूस्ट चढेपर्यंतचा उशीरही होता तेवढाच राहतो. बदलतो तो पायाला मिळणारा प्रतिसाद. एका थ्रॉटलच्या रचनेत पाय दिल्यावर आधी अख्खं मॅनिफोल्ड, म्हणजे थ्रॉटल ते सिलिंडर हवेचा मार्ग, भरावं लागतं. इथे बटरफ्लायच्या (थ्रॉटलमधल्या फिरणाऱ्या चकतीच्या) पुढे जेमतेम पोर्टएवढी (सिलिंडर हेडमधल्या हवेच्या वाटेएवढी) जागा उरते. वळणात अर्ध्या थ्रॉटलवर गाडी सांभाळताना हा फरक इतका स्पष्ट जाणवतो की जुन्या रचनेकडे परत जावंसं वाटत नाही. निसानने 1989 च्या स्कायलाइन जीटी-आरमधल्या आरबी26 इंजिनाला दोन टर्बोंसोबत सहा थ्रॉटल कारखान्यातूनच दिले होते आणि पल्सार जीटीआय-आरच्या एसआर20 ला चार. म्हणजे कल्पना पक्की आहे. बहुतेक सेटअप बिघडतात ते ट्यूनिंगमध्ये.

नुसत्या थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएमवर इंधन देणारा मॅप (ईसीयूमधलं इंधनाचं टेबल), म्हणजे अल्फा-एन, टर्बोवर कधीही चालवू नका. 4000 आरपीएमला थ्रॉटल 30 टक्के उघडा आहे असं धरा. दुसऱ्या गिअरमध्ये तिथे बूस्ट 0.3 बार असेल, तर चौथ्या गिअरमध्ये चढावर 0.8. टेबलमधला खाना तोच, इंधन तेवढंच, पण हवा 1.8 भागिले 1.3, म्हणजे जवळपास 38 टक्के जास्त. 12 चा एएफआर (हवा आणि इंधनाचं प्रमाण) थेट साडेसोळाच्या वर जातो. लोड असताना एवढं लीन (इंधन कमी, हवा जास्त) झालं की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगलँड (रिंगांमधल्या कडा) तुटतात.

उलट नुसत्या मॅप सेन्सरवर, म्हणजे थ्रॉटलनंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवरही भागत नाही. चार 45 मिमी बटरफ्लायचं एकूण क्षेत्रफळ सुमारे 64 चौ. सेंमी, एका 65 मिमीचं 33. कमी आरपीएमला थ्रॉटल पाव उघडला की पोर्टमधला दाब वातावरणाच्या दाबाजवळ पोहोचतो. तिथून पुढे पेडल कितीही दाबा, सेन्सरला फारसं काही दिसत नाही. शिवाय पोर्टमधला सिग्नल प्रत्येक इनटेक स्ट्रोकला नाचतो.

यावर टिकलेला उपाय असा: मूळ टेबल थ्रॉटल आणि आरपीएमचं, आणि त्याला गुणक प्लेनममधल्या, म्हणजे थ्रॉटलच्या आधीच्या निरपेक्ष दाबाचा. थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम तेच असतील तर आत जाणारी हवा आधीच्या दाबाच्या प्रमाणात बदलते, आणि तिथला सिग्नल पोर्टसारखा नाचत नाही. 3 बारचा सेन्सर आणि इनटेक तापमानाचा सेन्सर, दोन्ही प्लेनमवर लावा. टेबलमधले थ्रॉटलचे रकाने (टक्क्यांत) सुरुवातीला दाट हवेत: 0, 1, 2, 3, 5, 8, 12, 18, 25, 40, 60, 100. समान अंतराचे रकाने ठेवले तर ट्रॅफिकमध्ये गाडी धक्के खातच राहते. इग्निशनचं टायमिंग मात्र बूस्टमध्ये दाबाप्रमाणेच मागे घ्या.

चारही रनरमधून (थ्रॉटलनंतरच्या प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या वाटेतून) 4 मिमीच्या नळ्या एका छोट्या कलेक्टरमध्ये (जोडडबीत) आणा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर जादा बूस्ट सोडणारा) आणि फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा सिग्नल इथूनच घ्यायचा. रेग्युलेटरच्या नळीत 1 मिमीचा रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाचा तुकडा). रेग्युलेटर प्लेनमला जोडला तर अर्ध्या थ्रॉटलवर गडबड होते: प्लेनममध्ये 0.5 बार बूस्ट आणि पोर्टमध्ये 0.3 बार व्हॅक्यूम असेल तर इंजेक्टरवरचा दाबाचा फरक 3 ऐवजी 3.8 बार होतो आणि साडेबारा टक्के इंधन जास्त पडतं. ब्रेक बूस्टरची नळीही एकाच रनरवर लावू नका. आयडलला ब्रेक दाबला की तेवढाच सिलिंडर लीन होऊन इंजिन हलतं. चारही रनरमधून जाडसर नळीने व्हॅक्यूम घ्या आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा सोडणारा) न विसरता लावा, नाहीतर बूस्ट सरळ बूस्टरमध्ये शिरेल.

प्लेनमच्या बाबतीत लोक दाबाचा अंदाज कमी धरतात. 40 बाय 15 सेंमीच्या सपाट बाजूवर 1 बारला सुमारे 600 किलोचा जोर येतो. 3 मिमीचा सपाट पत्रा फुगतो आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. गोलसर आकार द्या किंवा आतून पट्ट्या वेल्ड करा. बेलमाउथचं (थ्रॉटलवरच्या कर्ण्यासारख्या नळीचं) तोंड समोरच्या भिंतीपासून निदान बोअरच्या व्यासाएवढं दूर हवं. आतल्या प्रत्येक बोल्टला थ्रेडलॉक लावा, कारण सुटलेला बोल्ट थेट सिलिंडरमध्ये जातो.

बटरफ्लायच्या शाफ्टचंही तेच. बूस्टमध्ये पाय उचलला की प्लेटच्या एका बाजूला 1 बार बूस्ट, दुसरीकडे 0.7 बार व्हॅक्यूम. 45 मिमीच्या प्लेटवर हा जोर सुमारे 27 किलो होतो आणि सगळा शाफ्टच्या बेअरिंगवर बसतो. साध्या बुशमध्ये शाफ्ट घासून ढिला होतो. नीडल बेअरिंग आणि लिप सील असलेल्याच बॉडी घ्या. मोटरसायकलच्या बॉडी वापरणार असाल तर त्यांचे रबरी माउंट काढून टाका, ते बूस्टला फुगतात. त्यांतल्या दुय्यम (सेकंडरी) बटरफ्लाय काढल्यास त्यांच्या शाफ्टची भोकं नीट बंद करा.

चाचणीसाठी टर्बोच्या तोंडाला टोपी लावून 1 बार हवा भरा आणि शाफ्टच्या टोकांवर साबणाचं पाणी टाका. उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा इंजिनात जाणारच, त्यामुळे दाब हळूहळू उतरणं चूक नाही. बुडबुडे दिसणं चूक.

काही महिन्यांनी समोर आलेली एकच खरी कटकट म्हणजे सिंक, म्हणजे चारही थ्रॉटलमधून सारखी हवा जाणं. प्लेनम बसवल्यावर बेलमाउथवर सिंक्रोमीटर (हवेचा प्रवाह मोजणारं उपकरण) धरता येत नाही, म्हणून प्रत्येक रनरला व्हॅक्यूम गेजसाठी वेगळा निपल आधीच ठेवा. क्रँककेसमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेमुळे बटरफ्लायच्या कडेला काळी रिंग बसते आणि ती चौघांवर सारखी बसत नाही. आयडल हलायला लागलं की लिंकेजच्या स्क्रूला हात लावण्याआधी प्लेटच्या कडा साफ करा. बऱ्याचदा तेवढ्याने चारही गेज पुन्हा जुळतात. बॅफल (आतले अडथळे) असलेला कॅच कॅन, म्हणजे तेलाची वाफ अडवणारा डबा, लावून त्याची नळी टर्बोच्या आधीच्या पाइपला दिली की ही साफसफाई बरीच लांबते.