हेवी डिपॉझिटवर घर घेताय? खारेगावचा हा प्रकार आधी वाचा

कळवा, खारेगाव, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात दर महिन्याची भाड्याची कटकट नको म्हणून हेवी डिपॉझिटवर राहणारे पुष्कळ आहेत. सहा-आठ लाख एकदम द्यायचे, भाडं शून्य, घर सोडताना पूर्ण रक्कम परत. माझ्या मावसबहिणीने खारेगावात असाच वन बीएचके घेतला. सात लाख डिपॉझिट. दाजींच्या व्हीआरएसच्या पैशांतले बरेचसे त्यातच गेले. पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोवर दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटली.

मालकाने फ्लॅटवर गृहकर्ज काढून हप्ते थकवले होते. आता त्याचा फोन बंद. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, तो सरळसरळ लबाड माणूस. मला लिहायचंय ते त्याच्या आजूबाजूच्यांबद्दल. नोटीस लागल्यावर ज्याच्याकडे जावं त्याचं उत्तर एकच: आम्हाला काय माहीत?

पहिला दलाल. "ताई, मी फक्त दोन पार्ट्या समोरासमोर आणतो. मालकाच्या कर्जाचं मला काय ठाऊक?" ऐकायला पटतं. पण ॲग्रीमेंटमध्ये डिपॉझिट पन्नास हजारच दाखवा, बाकीचे हातउसने म्हणून लिहू, स्टॅम्प ड्युटी वाचेल, हा सल्ला याच गृहस्थाचा. वाचणार होती किती? लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाडेकराराला, परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरतात आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. सात लाखांचे सत्तर हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे १७५ रुपये! एवढ्यासाठी साडेसहा लाख कागदावरून गायब करायचे? रोज हेच करार करणाऱ्याला हे गणित येत नसेल, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. मालकाने खरेदीच्या करारनाम्याची झेरॉक्स दाखवली होती. कडेला पंचिंगच्या भोकांचे काळे ठिपके, शेवटच्या पानावर निबंधक कार्यालयाचा अर्धवट उमटलेला शिक्का. दाजींनी ओरिजिनल मागितलं, तर मालकाच्या आधी दलालच बोलला, "ओरिजिनल लॉकरमध्ये असतं साहेब, घरात कोण ठेवतं?" गृहकर्ज असलं की मूळ कागद बँकेत जमा असतो, हे या धंद्यातल्या माणसाला शिकवावं लागतं का?

दुसरे सोसायटीचे सेक्रेटरी. यांच्या दप्तरात बँकेचं पत्र होतं, फ्लॅटवर कर्जाचा बोजा असल्याची नोंदही होती. भाडेकरूच्या एनओसीवर सही करताना ते काही बोलले नाहीत. "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," म्हणे. सभासदाचं कर्ज चारचौघांत सांगत फिरू नये, हे त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. त्यांना त्यात एक रुपयाही मिळाला नव्हता. दलालाला पंचवीस हजार मिळाले होते.

माझ्या लेखी फरक इथेच पडतो. एखाद्याला एखादी गोष्ट कळण्याचा मार्गच नसेल, तर त्याला दोष कसला द्यायचा? पण विचारलं तर सौदा मोडेल म्हणून जो विचारत नाही, त्याचं अज्ञान कमाईचं असतं. कायदाही हा फरक ओळखतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ३ नुसार, मुद्दाम चौकशी टाळली किंवा घोर हलगर्जीपणा केला नसता तर जी गोष्ट कळली असती, ती त्या माणसाला माहीत होती असंच धरलं जातं. जुन्या दंडसंहितेचं कलम ५२ तर सांगायचं की योग्य ती काळजी न घेता केलेल्या गोष्टीला सद्भाव म्हणताच येत नाही.

याची दुसरी बाजू मात्र जिव्हारी लागते. ताईला खरोखरच माहीत नव्हतं, पण बँकेपुढे त्याला किंमत नाही. बोजा आधीचा, लीव्ह अँड लायसन्स नंतरचं. बँकेतले अधिकारी सभ्यपणे बोलले, पाणीही विचारलं, पण मुद्दा सोडला नाही.

तिथेच एक कामाची तारीख सापडली. थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घ्यायचा बँकेला अधिकार देणारा सरफेसी कायदा, २००२, त्याच्या कलम १३(२) खाली बँक कर्जदाराला आधी ६० दिवसांची नोटीस देते, आणि ती मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता वा भाड्याने देता येत नाही. मालकाला ती नोटीस मिळाली होती आमच्या ॲग्रीमेंटच्या दोन महिने आधी. म्हणजे पैसे घेतानाच घर हातचं जाणार हे त्याला ठाऊक होतं. पोलीस ठाण्यात आधी "हे दिवाणी प्रकरण आहे" म्हणून वाटेला लावत होते. ही तारीख आणि दाजींनी दिलेल्या चेकच्या नोंदी समोर ठेवल्यावर सूर बदलला.

तुम्ही घर बघत असाल तर टोकन देण्याआधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, काढा. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना २०१३ पासून निबंधकाकडे द्यावी लागते, ती तिथे दिसू शकते. तिथे काही नाही दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण ती सूचना देणं कर्जदारावर असतं. थोडी फी भरून सरसाईच्या, म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदणी संस्थेच्या, नोंदीतही शोध घ्या. सोसायटीला तोंडी विचारू नका, बँकेचा बोजा आहे की नाही हे पत्रावर लिहून मागा. ओरिजिनल बघितल्याशिवाय चेक फाडू नका. आणि डिपॉझिटची पूर्ण रक्कम ॲग्रीमेंटमध्ये लिहायला जो नको म्हणेल, त्याच्या जिन्यावरून तसेच खाली उतरा.

ताई-दाजी सध्या दिव्याला एका खोलीत राहतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदला गेलाय. दलालाला आरोपी करायचं की साक्षीदार, हे तपास अधिकाऱ्यांचं अजून ठरलेलं नाही. ओरिजिनलबद्दल तो काय बोलला होता, ते दाजींनी पुरवणी जबाबात लिहून दिलंय.