ऑक्सिजन रिब्रीदर: सात महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये मी छातीवर बांधायचा एक जुना ऑक्सिजन रिब्रीदर, म्हणजे पाण्याखाली सोडलेलाच श्वास पुन्हा घेऊ देणारे उपकरण, विकत घेतला आणि तेव्हापासून बव्हेरियातल्या वाल्खेनझे या तळ्याच्या काठालगत तो घेऊन सुमारे चाळीस वेळा पाण्यात उतरलो. सोडलेला श्वास सोडा लाइमच्या (चुन्यापासून बनवलेल्या दाण्यांच्या) डब्यातून जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो, आणि शरीराने वापरला तेवढाच ऑक्सिजन सिलिंडरमधून श्वासपिशवीत येतो. सेन्सर नाही, बॅटरी नाही. इंग्रज अभियंते हेन्री फ्लूस यांनी 1878 मध्ये बनवलेल्या उपकरणाचे तत्त्वही हेच होते.

श्वास पाण्यातच सोडून देणाऱ्या नेहमीच्या स्कूबाच्या बुडबुड्यांचा आवाज किती मोठा असतो, हे तो थांबल्यावरच कळले. पाणवनस्पतींत दबा धरून बसलेला पाइक मासा हातभर अंतरावरूनही हलला नाही. पाण्याखालचे चित्रपट बनवणारे ऑस्ट्रियाचे हान्स हास यांनी 1942 मध्ये ग्रीसच्या समुद्रात चित्रीकरणासाठी अशीच उपकरणे का नेली असतील, हे त्या दिवशी पटले. शिवाय दीड लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेला 300 लिटर ऑक्सिजन, मिनिटाला साधारण एक लिटर या हिशेबाने, माझ्या थंडीने कुडकुडण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक पुरतो.

पण या सुखाला सहा मीटरचा तळ आहे. त्या खोलीवर ऑक्सिजनचा दाब 1.6 बार होतो आणि त्याहून खोल गेल्यास, पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न मिळता, आकडीसारखे झटके येऊ शकतात. पाण्यात झटका येऊन माउथपीस तोंडातून सुटला, तर पुढे काय होईल हे सांगायला नको. मी स्वतःसाठी पाच मीटरची मर्यादा ठरवली, आणि ती पाळणे अपेक्षेपेक्षा अवघड गेले. स्कूबात श्वास भरून घेतला की आपण किंचित वर उचलले जातो. इथे हवा पिशवीतून फुप्फुसात जाते इतकेच, शरीर जागचे हलत नाही, त्यामुळे श्वासाने खोली सावरण्याची वर्षांची सवय निरुपयोगी ठरते. जरा खाली गेलो की पिशवी आकसते आणि आपण आणखी खाली जातो. म्हणून जिथे तळच पाच मीटरवर आहे अशाच जागी मी उतरतो. खोल कड्याच्या कडेला हे उपकरण घेऊन जाणे मला वेडेपणाचे वाटते.

दुसरा धोका उथळ पाण्यातही सुटत नाही. सुरुवातीला फुप्फुसे आणि पिशवी रिकामी करून ऑक्सिजनने पुन्हा पुन्हा भरली नाहीत, तर नायट्रोजन आत उरतो. ऑक्सिजन संपत जातो तरी पिशवी फुगलेलीच राहते, त्यामुळे नवा ऑक्सिजन आत येत नाही. कार्बन डायऑक्साइड शोषला जात असल्यामुळे गुदमरल्यासारखेही वाटत नाही आणि माणूस थेट बेशुद्ध पडतो. ही धुलाई मी पाण्याबाहेर, सोबत्याच्या देखत करतो, आणि सोबत्याशिवाय उतरत नाही.

मे महिन्यात वीसएक मिनिटांनी डोके ठणकू लागले. बाहेर येऊन उघडून पाहिले, तर माउथपीसमधल्या एकमार्गी झडपेची रबरी कड वाळून वळली होती आणि सोडलेला श्वास तसाच परत येत होता. विक्रेत्याने उपकरण ‘सर्व्हिस केलेले’ म्हणून दिले होते. नव्या झडपेची किंमत क्षुल्लक होती. तेव्हापासून प्रत्येक वेळी उतरण्यापूर्वी दोन्ही नळ्या आळीपाळीने दाबून झडपा तपासतो.

खर्च खरा होतो तो सोडा लाइमचा. दिवस संपला की अर्धवट वापरलेलेही मी टाकून देतो, कारण ते किती उरले आहे हे पाहून कळत नाही आणि डब्यात पाणी शिरले तर तोंडात दाहक क्षार येतो. मालवणला स्कूबा केलेल्या एका मित्राने हे पहिले उपकरण म्हणून कसे, असे विचारले. मी त्याला स्पष्ट नको म्हटले. थंड पाण्यात सोडा लाइम मंदावते, एप्रिलमध्ये मी त्यामुळेच दोनदा लवकर बाहेर आलो, तेव्हा पुढच्या वर्षी मे संपेपर्यंत उपकरण कपाटातच राहील.