वरमाला जपायची तर कशी? दाबलेली फुलं, रेतीत वाळवलेली फुलं आणि रेझिन

वैशाखातल्या लग्नात हार गळ्यात पडतो तेव्हा आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो. मांडवात पंखे फिरतात, पण हवा गरमच. मंगलाष्टकं होऊन पंगती उठेपर्यंत गुलाबाच्या कडा काळ्या पडतात आणि पाठवणीच्या वेळी तोच हार खुर्चीच्या पाठीला अडकवलेला सापडतो. आठ दिवसांनी सासरहून फोन येतो, "आई, माझा हार ठेवला ना?"

मोबाईलवर रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाच्या, घड्याळात बसवलेल्या वरमाला पाहून पोरींना तसंच काहीतरी हवं असतं. कुणाला काचेतली दाबलेली फुलं आवडतात. मी घरच्या आणि नात्यातल्या लग्नांची फुलं दाबते, वाळवते. रेझिनचं कामही जवळून पाहिलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. गावातल्या घरात, भिंतीवर, पंधरा-वीस वर्षं ठेवायचं असेल तर दाबलेल्या फुलांची फ्रेम करा. मात्र अख्ख्या हाराची नाही, दहा-बारा निवडक फुलांची.

दाबलेली फुलं

शाळेत वहीत पिंपळाचं पान ठेवून जाळी पडायची वाट पाहिली असेल, तर निम्मं काम तुम्हाला येतंच. कॉलेजात वनस्पतिशास्त्राची मुलं हर्बेरियम करतात तीही हीच पद्धत: कागद ओलावा शोषतो, वजन फूल सपाट ठेवतं. हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय वनस्पती संग्रहालयात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी दाबलेले नमुने आजही आहेत. ते टिकले कारण ते कोरडे आणि अंधारात राहिले. फ्रेम कुठे लावायची याचं उत्तर यातच आहे, ते पुढे येईलच.

फुलाला थेट वर्तमानपत्र लावू नका. मी एकदा पांढरी शेवंती तशीच दाबली. काढली तेव्हा पाकळ्यांवर बातमीची उलटी अक्षरं उमटली होती, आणि ती काही केल्या निघाली नाहीत. आधी साधा पांढरा कागद, त्याच्या बाहेर वर्तमानपत्राच्या घड्या, वर पाट, आणि पाटावर गव्हाचं पोतं नाहीतर वाटायचा पाटा. पहिले चार दिवस रोज कागद बदलायचा, मग दोन-तीन दिवसांआड. पातळ फुलं आमच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होतात, जाड फुलांना तीन आठवडे धरा.

अख्खा गुलाब दाबायला जाऊ नका. बाहेरून कोरडा दिसतो आणि आत देठाशी कुजतो. पाकळ्या एकेक सुट्या करायच्या, वेगळ्या दाबायच्या आणि फ्रेम करताना बाहेरून आत पुन्हा फूल रचायचं. टूथपिकच्या टोकावर फेविकॉलचा थेंब घेऊन प्रत्येक पाकळीच्या फक्त बुडाला लावायचा. एका गुलाबाला माझी दुपार जाते. पण त्याच पाकळ्या पुन्हा त्याच फुलात बसतात तेव्हा पाहणाऱ्या मुलीचा चेहरा मी विसरू शकत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक कूलरची. धाकट्या बहिणीच्या लग्नात घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि थंड खोली एकच, म्हणून दाबलेली चळत मी तिथेच ठेवली. चौथ्या दिवशी कागद उचलला तर तो हाताला ओलसर लागला, आणि शेवंतीच्या बुडाशी पांढरी बुरशी धरलेली. कूलर हवेत पाणी मिसळूनच तिला थंड करतो. फुलांना ती हवा चालत नाही. विदर्भाचा कोरडा उन्हाळा फुलं वाळवायला उत्तम आहे, त्याचा फायदा घ्या: कूलर नसलेली, ऊन न येणारी, गरम खोली निवडा.

रंगांबद्दल मुलीशी आधीच बोला, म्हणजे नंतर मन दुखत नाही. लाल गुलाब गडद मरून होतो, कधी जवळजवळ काळा. गुलाबी त्यापेक्षा बरा राहतो. झेंडूच्या पाकळ्यांचा केशरी-पिवळा रंग सगळ्यात चिवट, पिवळी शेवंतीही चांगली. निशिगंधात पाणी फार, तो बदामी होतो. मोगऱ्याची तर आशाच धरू नका. स्वागत समारंभाच्या बुकेतली ॲस्टर आणि जिप्सोची बारीक पांढरी फुलं सहज होतात. जरबेराचा मधला भाग जाड म्हणून मागून ब्लेडने तासून घ्यावा लागतो. हारातली आंब्याची, अशोकाची पानंही ठेवा. हिरवा रंग मळकट होतो, पण फ्रेमला लग्नघराचं रूप पानांमुळेच येतं.

रेतीत किंवा सिलिका जेलमध्ये

ज्यांना फूल फुलासारखं, गोल हवं त्यांच्यासाठी ही वाट. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बारीक दाण्यांत फूल पूर्ण बुडवून डबा घट्ट बंद केला की चार-सात दिवसांत वाळतं. निळे दाणे ओलावा घेऊन गुलाबी झाले की तापवून परत वापरता येतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी आहे. स्वयंपाकाच्या कढईत ते दाणे तापवू नका, आणि ओतताना तोंडाला फडकं बांधा.

जेल मिळत नसेल तर नदीची बारीक रेती चालते. चार पाण्यांनी धुवायची, चाळायची, कडक उन्हात वाळवायची आणि पूर्ण गार झाल्यावर फुलाभोवती चमच्याने हळूहळू भरायची. रेतीसाठी डब्याचं झाकण उघडंच ठेवतात, आणि दोन-तीन आठवडे लागतात. गुलाब यात सुंदर निघतो. अडचण पुढे आहे. अशा फुलाला खोल पेटीसारखी फ्रेम लागते, ती तालुक्याला सहसा तयार मिळत नाही, सुताराकडून करून घ्यावी लागते. शिवाय पावसाळ्यात पेटीत दमट हवा शिरली की पाकळ्या मऊ पडून मान टाकतात. पेटी खरोखर हवाबंद करणारा माणूस हाताशी असेल तरच यात पडा.

हार उलटा टांगून वाळवणं सोपं आहे, पण आमच्याकडे त्याला धूळ आणि झुरळं लागतात. दोन महिन्यांत पाकळ्या गळून खाली कचरा होतो.

रेझिन

रेझिन दिसतं देखणं, हे मान्यच केलं पाहिजे. फूल पाण्यात थांबल्यासारखं दिसतं, धूळ नाही, किडा नाही. ज्यांची घरं पक्की, स्लॅबची, ज्यांना टेबलावर ठेवायची वस्तू हवी, त्यांनी जरूर करावं.

पण तीन गोष्टी तोलून पाहा. पहिली, उष्णता. साधं इपॉक्सी रेझिन जास्त तापमानाला मऊ पडतं. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भिंतीवरचा मोठा जड तुकडा तिथे वाकू शकतो. दुसरी, ऊन. उन्हात रेझिन पिवळं पडत जातं आणि ते पिवळेपण पुसता येत नाही. फ्रेमची काच फुटली तर नवी बसवता येते, एखादी पाकळी सुटली तर पुन्हा चिकटवता येते. रेझिनमध्ये फूल एकदा गेलं की आत हात घालता येत नाही. थोडाही ओलावा राहिला असेल तर ते आतल्या आत तपकिरी होतं, आणि आपण बाहेरून नुसतं पाहत राहतो.

तिसरी गोष्ट अंतराची. माझ्या नणंदेच्या मुलीचा हार आम्ही शहरातल्या एका कारागिराकडे कुरिअरने पाठवला, ताजा राहावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा आत वाफ धरून अर्धा हार काळा झाला होता. ती चूक आमची होती. पाठवायचाच असेल तर गावातच पूर्ण वाळवा, कागदात गुंडाळा, खोक्यात घाला आणि मग पाठवा.

घरी रेझिन करायचा विचार असेल तर रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर या दोन्ही भागांचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तसंच घ्यावं लागतं. अंदाज चुकला की ते महिनाभर चिकटच राहतं. हातमोजे हवेत, खिडक्या उघड्या हव्यात, लहान मुलं खोलीत नकोत.

खर्चात मोठा फरक आहे. दाबायला घरचा कागद आणि वजन, फ्रेमला काही शे रुपये. रेझिनचं बाहेरून करून घेतलेलं काम हजारांत जातं आणि आकारासोबत वाढतं.

भिंत कोणती

फ्रेम करणाऱ्याला दोन गोष्टी सांगा: काच फुलांना टेकू नये म्हणून कडेने पातळ पट्टी घाला, आणि मागची बाजू कागदी टेपने पूर्ण बंद करा, नाहीतर कसर आणि झुरळं शिरतात. लॅमिनेशन मात्र करू नका. गरम रोलरखाली पाकळ्या तपकिरी होतात. मातीची भिंत असेल तर श्रावणात ती पाणी ओढते आणि उधईही तिथूनच येते. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मधून हवा खेळते. दाराच्या समोर ऊन येतं, चुलीजवळ धूर. देवघराच्या बाजूची सावलीची भिंत बहुतेक घरांत बरी पडते.

घरातल्या मोठ्यांचंही ऐकावं लागतं. आमच्या आजीसासूबाई म्हणाल्या, "हार म्हंजे निर्माल्य, तो वाहत्या पाण्यात सोडा लागते. पण पोरीचं मन हाय, तं चार फुलं ठेव." आम्ही तसंच केलं. दोन्ही हारांतली मिळून अकरा फुलं ठेवली, बाकी हार वर्धा नदीवर नेला. फक्त त्यातली तार, रिबीन आणि चमकी आधी काढून घेतली. निवडक फुलांची फ्रेम मला पटते त्यात हेही एक कारण आहे. आजीचंही राहतं, मुलीचंही राहतं.

एक काम लग्नाच्या आधी करायचं आहे. फुलं आर्वीहून येवोत नाहीतर नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून, हारवाल्याला सांगा की त्याच हाराची पावशेर सुटी फुलं वेगळी द्यायची आणि त्यांवर पाणी किंवा चमकी मारायची नाही. ती स्टीलच्या डब्यात कागदावर पसरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर बाहेर काढताच गळून पाणी होतात. लग्नाच्या संध्याकाळी गळ्यातल्या हारातली जी चार-पाच फुलं अजून ताठ आहेत ती काढून त्यांत मिळवा. हे काम नवरीच्या आईकडे देऊ नका, तिला त्या दिवशी वेळ नसतो. तिच्या एखाद्या मावशीला किंवा वहिनीला नाव घेऊन सांगा, आणि पांढरा कागद व पाट हळदीच्या दिवशीच काढून ठेवा.