आमदार समजून घ्यायचा तर नमुना २६ काढा: निवडणूक आयोगाच्या शपथपत्र पोर्टलचं परीक्षण

नागपूर जिल्ह्यात विधानसभेच्या बारा जागा आहेत, काटोल (४८) पासून रामटेक (५९) पर्यंत. या बाराही आमदारांची शेती किती, कर्ज किती, कोणत्या ठाण्यात कोणतं कलम लागलंय, शिक्षण कुठवर झालंय, हे सगळं निवडणूक आयोगाच्या शपथपत्र पोर्टलवर फुकट मिळतं. उमेदवार अर्जासोबत जे शपथपत्र देतो, त्याचा ठरलेला नमुना म्हणजे नमुना २६. माहिती अधिकाराचा अर्ज करून तीस दिवस वाट पाहायची गरज नाही. सेवा मोलाची आहे. शोधायची सोय मात्र कच्ची आहे, आणि कागद हाती आला तरी तो वाचायला सवय लागते.

निवडणूक, राज्य, मतदारसंघ, उमेदवार या क्रमानेच जा. थेट नावाने शोधू नका. नावं इंग्रजी अक्षरांत असतात आणि एकाच माणसाचं स्पेलिंग दोन निवडणुकांत वेगळं असू शकतं. शहराच्या सहा जागा ५२ ते ५७: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम, उत्तर. इथे हमखास चूक होते. या सीमा २००८ च्या पुनर्रचनेतल्या आहेत. दक्षिण-पश्चिम हा मतदारसंघ त्याआधी नव्हताच. देवेंद्र फडणवीस १९९९ आणि २००४ मध्ये नागपूर पश्चिममधून निवडून आले आणि २००९ पासून दक्षिण-पश्चिममधून. त्यामुळे त्यांचं २००४ चं शपथपत्र दक्षिण-पश्चिममध्ये शोधून सापडणार नाही. १९९९ चं तर कुठेच नाही, कारण आजच्यासारखं शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर सुरू झालं. त्यांचं १९९२ चं नगरसेवकपद आणि १९९७ चं महापौरपदही या पोर्टलच्या कक्षेबाहेर आहे. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो.

उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, म्हणून एका नावापुढे दोन-तीन फाइली दिसू शकतात. नोटरीच्या शिक्क्यावरची तारीख पाहून शेवटची घ्या. त्रुटी दुरुस्त केलेली प्रत बहुधा तीच असते. फाइल म्हणजे कागदाचा स्कॅन, त्यामुळे आत शब्द शोधता येत नाही. काही पानं आडवी, काही पुसट. मालमत्तेच्या तक्त्यात स्वतः, पत्नी किंवा पती आणि अवलंबित असे रकाने शेजारी शेजारी असल्याने अक्षर बारीक होतं. ती पानं आडव्या कागदावरच छापा.

आता वाचन. एकट्या शपथपत्रातून फार थोडं कळतं. २०१४, २०१९ आणि २०२४ ची तिन्ही समोर ठेवली की माणूस दिसू लागतो. पण एकूण मालमत्तेच्या आकड्यावर उडी मारू नका, तो सगळ्यात फसवा आहे. सोन्याची किंमत पाहू नका, वजन पाहा. ग्रॅम तेवढेच आणि रुपये दुप्पट असतील तर वाढ भावाची, खरेदीची नव्हे. जमिनीचंही तसंच: खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे रकाने वाचा, चालू बाजारभाव हा उमेदवाराने स्वतः लिहिलेला अंदाज असतो. तो रेडी रेकनरशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांशी, ताडून पाहता येतो. मौजा (गाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा (जमिनीचा) क्रमांक दिलेला असेल तर महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट निघतो. शहरातल्या लेआउटमधल्या भूखंडाला मात्र सातबारा पुरत नाही, तिथे आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पाहावी लागते. नव्याने आलेली जमीन दिसली की कर्जाच्या रकान्याकडे आणि पाच वर्षांच्या आयकर विवरणातल्या उत्पन्नाकडे वळा. हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हाच खरा प्रश्न. पाच वर्षांच्या उत्पन्नाचा रकाना मागाहून आला, २०१४ च्या नमुन्यात तो शोधू नका.

गुन्ह्यांच्या पानावर संख्या मोजून निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. जमावबंदी मोडल्याचा, मोर्चाचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजता येत नाहीत. जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ किंवा १८८ दिसलं तर बहुधा आंदोलन, ४२० दिसलं तर थांबून नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे २०२४ च्या कागदावर दोन्ही कायद्यांची कलमं एकत्र असू शकतात. दोषारोप निश्चित झालेत का, हा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५अ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नागपूरला हे कलम चांगलं परिचित आहे. फडणवीसांच्या २०१४ च्या शपथपत्रात दोन प्रलंबित प्रकरणं नमूद नसल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने खटल्याची वाट मोकळी केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. रकाना कोरा सोडणंही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावंच लागतं, आणि सांगूनही कोरा ठेवला तर अर्ज बाद होऊ शकतो.

एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या स्वयंसेवी संस्थेचं मायनेता संकेतस्थळ हेच आकडे तक्त्यात मांडतं आणि पुन्हा उभ्या राहिलेल्यांची जुनी-नवी मालमत्ता शेजारी दाखवतं. शोधायला ते कितीतरी सोपं. पण स्कॅनवरून उतरवताना एखादं शून्य इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून आकडा कुठे वापरायचा असेल तर मूळ पानाशी पडताळा. आयोगाने अशी तुलना स्वतःच द्यायला हवी होती. माहिती त्यांच्याकडेच आहे, आणि मतदाराला पानं उलटायला लावण्यात काही अर्थ नाही.

सभागृहातल्या कामाबद्दल नमुना २६ अवाक्षर काढत नाही. किती तारांकित प्रश्न विचारले, कोणती लक्षवेधी लावली, यासाठी विधानमंडळाच्या संकेतस्थळावरची कार्यवाही वाचावी लागते.

पोर्टल सर्वांत उपयोगी पडतं ते अर्ज भरण्याच्या दिवसांत. दाखल झालेलं शपथपत्र चोवीस तासांत चढवायचं असतं, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावरही लावलं जातं. निकालानंतर नव्हे, छाननीच्या आदल्या संध्याकाळी ते उघडा.