माडीच्या कड्या कुजल्या, आणि बिलात वॉटरप्रूफिंगचे २२ हजार

वाईत आमचा जुना वाडा आहे, माडीला कडीपाट (आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या), फळ्या सागवानी आणि कड्या ऐनाच्या. आईला रात्री जिना उतरवेना म्हणून मागच्या भिंतीला लागून माडीच्या लेव्हललाच संडास-बाथरूम काढलं, त्यासाठी नवीन आरसीसी स्लॅब. मी कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, या भिंतीत कड्यांची टोकं आहेत, त्यांना ओल लागली तर? म्हणाला दादा निवांत रहा, टोकांना डांबर मारतो, मधे टारफेल्ट (ओल अडवणारा डांबरी थर) घालतो, वाळवीचं औषधपण मारतो. त्याचे वेगळे २२ हजार घेतले. स्लॅब पडला त्या दिवशी मी पुण्यात कामावर होतो.

मग स्लॅबवर आळी (छोटे बांध) बांधून १० दिवस पाणी साठवलं. क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) हवंच, पण ते पाणी भिंतीला टेकून उभं, आणि भिंत मातीत बांधलेली, पीत राहिली. शिवाय नव्या काँक्रीटच्या पोटातलं पाणी पुढे कित्येक महिने निघत असतं, ते शेजारचं लाकूड ओढून घेतं.

तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीजवळ फळी दबायला लागली, कुबट वास. सुताराने स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. तीन कड्यांची टोकं गेली, वर वाळवीच्या मातीच्या नळ्या. भिंत फोडली तर टारफेल्टच्या जागी खताच्या गोणीचं प्लॅस्टिक, त्यावर 'युरिया' अजून वाचता येत होतं!! डांबराचा थेंब नाही, काँक्रीट सरळ लाकडावर ओतलेलं.

फोन केला तर म्हणतो जुनं लाकूड आहे, कुजणारच. अहो आजोबांच्या वेळपासून नाही कुजलं ते.

कुणी असं काम काढणार असाल तर स्लॅबच्या दिवशी स्वतः उभे रहा, काँक्रीट पडायच्या आधी टोकांचे फोटो काढा. लाकडाभोवती बोटभर हवा खेळायला जागा हवी, काँक्रीट आणि लाकूड एकमेकांना टेकताच कामा नये, टारफेल्ट स्लॅबच्या वर भिंतीवर अर्धा फूट तरी चढवलेला हवा. आणि भिंतीच्या बाजूला पाणी साठवू देऊ नका, तिथे ओलं गोणपाट टाकलं तरी क्युरिंग होतं.

आता माडी टेकू लावून उभी आहे, आई खाली झोपते. बिलावर त्याने नुसतं 'वॉटरप्रूफिंग वगैरे' लिहिलंय, टारफेल्टचं नावच नाही. वकील म्हणाले ते गोणीचं प्लॅस्टिक फेकू नका, ग्राहक आयोगात लागेल. कपाटात जपून ठेवलंय.