साथीच्या काळात आयसीयूचं दार: बंद, व्हिडिओपुरतं की एका नातेवाइकासाठी उघडं?

हॉस्पिटलचा साथीचा आराखडा लिहिताना भेटीचा नियम बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत उरकतो: ‘नातेवाइकांना प्रवेश बंद.’ संसर्ग, गर्दी आणि पीपीई किटचा खर्च एवढंच मोजलं जातं. आत किट घालून उभ्या राहणाऱ्या सिस्टर, ब्रदर, मावशी-मामा आणि निवासी डॉक्टरांवर या एका ओळीचा काय भार पडतो, ते हिशेबात नसतं. ही तुलना मुद्दाम त्यांच्या बाजूने केली आहे.

पूर्ण बंदी

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जवळपास सगळ्यांनी हेच केलं आणि तेव्हा ते चूक नव्हतं. किट पुरत नव्हते, लस नव्हती. २००३ मध्ये टोरांटोत सार्स हा श्वसनाचा साथरोग पसरला तो मुख्यतः हॉस्पिटलांमधूनच, आणि बाधितांत कर्मचारी, रुग्ण, भेटायला आलेले सगळेच होते. दार बंद झालं की निदान बाहेरून येणाऱ्या संसर्गाची एक वाट तरी बंद होते. किट वाचतात, दारातली वादावादी थांबते.

पण आपल्याकडे नातेवाईक निव्वळ भेटायला येत नाही. आयसीयूत पूर्वीही सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ सोडायचे, तरी तेवढ्यात तो बरंच करून जायचा. चार घास भरवायचे, हात धरायचा, ‘बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही’ हे सांगायचं, काही बिनसलं असेल तर आधी ओरडायचं. तो आत येईनासा झाला म्हणून हे काम संपत नाही, ते सिस्टरच्या अंगावर येतं. लक्ष ठेवण्याची जबाबदारीही तिचीच आणि चूक झाली तर कारवाईही तिच्यावर. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात बेपत्ता झालेल्या वृद्ध कोविड रुग्ण महिलेचा मृतदेह काही दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. ती घटना आयसीयूतली नव्हती, पण घरचं माणूस जवळ नसलेल्या वॉर्डात काय होऊ शकतं ते तिच्यातून कळतं.

मनावरचा भार वेगळाच. पहिल्या लाटेत फ्रान्समधल्या २१ आयसीयूंत पाहणी झाली, १,०५८ कर्मचाऱ्यांनी उत्तरं दिली. निम्म्यांमध्ये चिंतेची आणि ३० टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. ती ज्या गोष्टींशी जोडलेली आढळली त्यांत संसर्गाची भीती आणि विश्रांती न मिळणं होतंच, शिवाय भेटबंदीबद्दलची खंतही होती. म्हणजे ज्यांच्या रक्षणासाठी दार बंद केलं, त्यांनाच ते बंद दार टोचत होतं.

आणि राग. दहा दिवस फोनवर ‘सिरियस आहे’ एवढंच ऐकून अकराव्या दिवशी सीलबंद पिशवी ताब्यात मिळाली, तर माणूस संशय घेणारच. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, पण संशय कायद्याने जात नाही.

दार बंद, पण व्हिडिओ कॉल

कागदावर हा सगळ्यात सोयीचा पर्याय. ब्रिटनमध्ये ‘लाइफ लाइन्स’ उपक्रमातून आयसीयूंना टॅबलेट पोचवले गेले. आपल्याकडे मात्र आधी गोंधळ. उत्तर प्रदेशाने मे २०२० मध्ये कोविड वॉर्डांत मोबाइलवर बंदी घातली आणि लगेच मागे घेतली, आणि जुलैअखेर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने रुग्णांना फोन वापरू देण्याबाबत राज्यांना कळवलं.

फायदा खरा आहे. १४ देशांतल्या ६९ आयसीयूंमधल्या २,०८८ कोविड रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जण भ्रमात गेले होते. घरच्यांची भेट झालेल्यांत, मग ती प्रत्यक्ष असो की पडद्यावर, हे प्रमाण कमी दिसलं. भ्रमातला रुग्ण मास्क ओढतो, सलाइन उपसतो. किट घालून त्याला आवरायला दोघं लागतात. त्यामुळे हा फायदा कर्मचाऱ्यांचाही आहे.

प्रश्न फोन धरायचा कुणी, हा आहे. दुहेरी ग्लोव्हजमधून स्क्रीनला बोट लागत नाही, गॉगलवर वाफ धरलेली. एका खाटेला पंधरा मिनिटं धरली तर बारा खाटांचे तीन तास झाले. हे तीन तास कुठल्याच ड्युटी चार्टमध्ये नसतात. वेळेपेक्षाही जड जातं ते ऐकणं. मुलगी आईचा निरोप घेत असते, फोन सिस्टरच्या हातात असतो आणि कॉल संपला की तिला शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचं सक्शन करायचं, म्हणजे नळीने कफ ओढून काढायचा असतो. हा पर्याय घ्यायचा तर कॉलसाठी वेगळं माणूस हवं: समाजसेवा अधीक्षक, इंटर्न, कुणीही, फक्त त्या पाळीची सिस्टर नको. आणि नळ्या लावलेला चेहरा दाखवण्यापूर्वी घरच्यांना काय दिसणार ते सांगायलाच हवं.

एक ठरलेला नातेवाईक, किटसह

सगळ्यात जास्त विरोध याला होतो आणि तोही बऱ्याचदा आयसीयूतूनच: ‘आम्हीच कसेबसे घालतो, त्यांना कोण घालणार?’ रास्त आहे. किट चढवताना-उतरवताना शेजारी जाणता माणूस लागतो, चूक होते ती उतरवतानाच. पण दार उघडलं की कर्मचारी थकतात, हा समज तपासून पाहिलेला आहे. ब्राझीलच्या ३६ आयसीयूंत दिवसाला बारा तासांपर्यंत भेटीची मुभा देऊन पाहिली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या थकव्यात आणि रुग्णांच्या संसर्गात लक्षणीय फरक पडला नाही. हा अभ्यास कोविडपूर्वीचा, त्यामुळे साथीला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी ‘नातेवाईक म्हणजे त्रास’ हे गृहीतक त्याने ढिलं केलं.

माझा कल इकडेच आहे. आत येऊन गेलेला एक माणूस बाहेरच्या दहा जणांना समजावतो. पुण्याचे काका आणि अमेरिकेतला मुलगा यांचे वेगवेगळे फोन कमी होतात. व्हेंटिलेटरवरचं शरीर डोळ्यांनी पाहिलेल्या घराशी पुढच्या निर्णयाचं बोलणंही सोपं जातं.

‘शेवटच्या क्षणी सोडू’

लंडनमध्ये मार्च २०२० अखेर तेरा वर्षांचा मुलगा घरच्यांविना गेला. हळहळ झाली आणि एप्रिलच्या मध्यावर तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी शक्य तिथे अखेरची भेट देण्याचं जाहीर केलं. माणुसकीचंच, पण कर्मचाऱ्यांसाठी हा सगळ्यात निसरडा नियम. शेवट कधी, हे सांगता येत नाही. रात्री दोनला सिस्टर ठरवणार? एकाला सोडलं, दुसऱ्याला नाही, मधे नगरसेवकाचा फोन. नकार तिच्या तोंडून जातो आणि तो तिच्यापाशीच राहतो. अपवाद ठेवायचाच तर निकष लेखी हवेत आणि होकार-नकार देणारा माणूस त्या पाळीबाहेरचा हवा.

दहा-बारा खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल असेल, किट उतरवायला वेगळी खोली असेल, तर तिसरा पर्याय घ्या आणि परगावच्या घरच्यांसाठी व्हिडिओ जोडा. कोविडमध्ये मुंबईत बीकेसीत किंवा पुण्यात सीओईपीच्या मैदानावर उभं राहिलं तसं जम्बो सेंटर असेल, एका हॉलमध्ये ओळीने खाटा, तर व्हिडिओ आणि त्यासाठी स्वतंत्र टीमच झेपेल. किट खरोखर संपत आले असतील तर पूर्ण बंदी, पण आदेशावर फेरविचाराची तारीख छापून. आठवड्यापुढची नको.