छातीवरचा पट्टा, आठ महिन्यांनंतर

नाडी मोजणारा छातीचा पट्टा ऑक्टोबरात घेतला. आठवड्यातून चार दिवस वापरते, त्यामुळे आता खात्रीने लिहिते.

मी ४४ वर्षांची, साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी. यवतेश्वर घाटातल्या हाफ मॅरेथॉनच्या ओढीने पळायला लागायचं, सहा आठवडे जिवाच्या आकांताने पळायचं आणि गुडघा धरून बसायचं, असं तीनदा झालं. मनगटावरचं घड्याळ होतं. पण ते हिरव्या प्रकाशाने त्वचेखालच्या रक्ताचा अंदाज घेतं. हात हलले की आकडा भरकटतो, कधी तर नाडीऐवजी पावलांचाच ठेका पकडतं. पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून तो घेतला.

नियम फिल मॅफेटोन या अमेरिकन प्रशिक्षकांचा: १८० वजा वय, दुखापत झालेली असेल तर आणखी ५ वजा. माझा आकडा मिनिटाला १३१ ठोके. नाडी त्याच्या वर जाऊ द्यायची नाही. हा ढोबळ अंदाज आहे, प्रत्येकाला तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण मला लगाम हवा होता.

पहिल्या दिवशी साताऱ्यातल्याच 'चार भिंती' या ठिकाणच्या चढावर शंभर पावलांत १५२! पट्ट्याशी जोडलेलं घड्याळ थरथरलं, चालू लागले. नाडी उतरली, पळाले, पुन्हा थरथर. किलोमीटरला १० मिनिटं २० सेकंद लागली. फिरायला आलेले एक आजोबा मागून पुढे गेले आणि वळून म्हणाले, "ताई, पाय मुरगळला काय?" डोळ्यांत पाणी आलं. दीड महिना काहीच फरक दिसला नाही आणि तेव्हा सोडून द्यावंसं फार वाटलं. घेणाऱ्यांनी हा दीड महिना धरूनच चालावं. आज त्याच नाडीला सपाटीवर ८ मिनिटं ३५ सेकंद लागतात. गुडघा एकदाही धरला नाही. त्याहून मोलाचं म्हणजे पळून आल्यावर डबे करताना पाय ओढत नाहीत. पूर्वी रविवारची दुपार झोपेत जायची आणि लेक रुसायची.

मार्चएंडला कुतूहल म्हणून पट्टा घालून बँकेत गेले. ताळा जुळत नव्हता. खुर्चीत बसल्या बसल्या नाडी ११२. झपाझप चालताना माझी एवढी असते. म्हणजे चार तास मी चालतच होते म्हणायची, तीही श्वास रोखून. त्या आठवड्यात पळणं बंद ठेवलं, संध्याकाळी फक्त वीस मिनिटं फिरले. तेव्हापासून तासाभराने काउंटरवरून उठते, पाणी पिते, मग बसते. कामाचा थकवा आणि पळण्याचा थकवा शरीराच्या एकाच खात्यात जमा होतो, हे मला त्या आकड्याने पटवलं. मे महिन्यात उन्हामुळे त्याच वेगाला नाडी आठ-दहाने जास्त यायची. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, शिवाय अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं. अशा वेळी आकड्याशी झगडू नये, वेग कमी करावा.

तक्रारीही आहेत. घालण्याआधी आतले पॅड पाण्याने ओले करावे लागतात. थंडीत कोरड्या हवेत सिंथेटिक टी-शर्ट घासला की पहिली पाच मिनिटं भलतेच आकडे येतात, मला एकदा १९४ दिसले. ब्राच्या पट्टीखाली कातडी सोलवटते. कडेला किंचित खोबरेल लावते, पॅडला लागू देत नाही. सहाव्या महिन्यात पॅडचा थर सुटला. पट्ट्याला वॉरंटी नाही, फक्त सेन्सरला आहे, असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं. हे विकतानाच सांगायला हवं होतं. नुसता पट्टा नवा घेतला, तो प्रत्येक वेळी धुऊन सावलीत वाळवते.

बीपीची किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर हा आकडा धरून चालू नका. सासूबाई बीटा ब्लॉकर घेतात, त्याने नाडी मुळातच दबलेली राहते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय, दम न लागता पूर्ण वाक्य बोलता येईल एवढंच चाला. चढावर मीही चालतेच, त्यामुळे पहिल्या वळणापर्यंत आम्ही दोघी रोज बोलत जातो.